भागूबाईचं रिकामं चालणं

१९९३ सालच्या उन्हाळ्यात कन्हेरीच्या भागूबाईला ठेचा झोंबायला लागला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ही बातमी झाली नसती. पण भागूबाई म्हणजे कच्ची मिरची भाकरीबरोबर करकरा खाणारी बाई. तिनं पहिलाच घास तोंडातून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला, तेव्हा समोर भाकरी थापणाऱ्या सुनेचा, योगिनीचा, हात थांबला.

"आत्या, काय झालं?"

"उष्णता झालीया. सब्जा भिजत घाल."

सब्जा झाला, गुलकंद झाला, ताकही झालं. आठ दिवसांनी भागूबाई दुधात कुस्करलेली भाकरी खायला लागली. तेव्हा योगिनीनं एका सकाळी सासूला अंगणात उन्हात बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांच्या बाजूला, एक पांढरा चट्टा होता. भिंतीवर चुन्याचा हात ओझरता फिरावा तसा. योगिनीनं बोटाला फडकं गुंडाळून पुसून पाहिला. तो निघाला नाही.

"आत्या, उद्या बारामतीला जायाचं."

"चट्ट्यासाठी कुणी डाक्टरकडं जातंय व्हय?"

"आपण जायाचं," योगिनी म्हणाली. ती लासुर्ण्याची, दहावी शिकलेली. बोलायची कमी, पण एकदा बोलली की मागं घ्यायची नाही.

भागूबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती गेणूच्या घरात आली. घर म्हणायचं खरं, पण वर्षातले सात-आठ महिने ते घोड्याच्या पाठीवरच असायचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं, आणि पावसाच्या आधी परत यायचं. पुढं गेणू कळप हाकायचा, मागं भागूबाई घोड्याचा कासरा धरून चालायची. घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू. एकदा तर तिचा दोन महिन्यांचा मुलगा संभाजीसुद्धा त्या ओझ्यातच बांधलेला होता. अठ्ठावीस वर्षं ती अशी चालली.

मग चराईची रानं उसाखाली गेली. गेणूच्याही दीड एकराला पाणी आलं. संभाजीला बारामतीत ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम मिळालं, त्याचं लग्न झालं, आणि १९८९ साली गेणूनं कळप विकला. त्या दिवशी तो बायकोला मोठ्या अभिमानानं म्हणाला होता, "लई चाललीस. आता सून आलीया. बसून खा."

भागूबाई बसली. ओट्यावर, लिंबाखाली, शेजारणीच्या दारात. सून कामाला वाघीण होती, तिनं सासूच्या हातात झाडणीसुद्धा राहू दिली नाही. बसलेल्या माणसाला काहीतरी चाळा लागतो. भागूबाईचा चाळा तिच्या कनवटीलाच होता, मिसरीची डबी. तंबाखू तव्यावर काळी होईतोवर भाजायची, बारीक चुरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. बारा वर्षांची असताना आईनं तिला दात घासायला म्हणून ती दिली होती, तेव्हापासून.

बारामतीत भिगवण रस्त्याला दातांच्या एका डॉक्टरीणबाईनं नुकताच दवाखाना टाकला होता. नाव स्वरूपा. वयानं योगिनीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं दिवा लावून भागूबाईचं तोंड बराच वेळ पाहिलं. चट्टा दाबला, मान चाचपली. मग म्हणाली, "मावशी, याचा बारकासा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवते. दुखणार नाही."

दहा दिवसांनी निकाल आला. डॉक्टरीणबाईनं आडपडदा ठेवला नाही.

"हा कॅन्सर नाही. पण त्या वाटेला लागलेला चट्टा आहे. आतल्या पेशी बिघडायला सुरुवात झालीय. मिसरी आज बंद केली, तर तो मागं फिरू शकतो. नाही फिरला, तर मी कापून काढीन. पण मिसरी चालू राहिली, तर मी काहीही केलं तरी उपयोग नाही."

योगिनीचा चेहरा उतरला. भागूबाईचा उतरला नाही. ती खुर्चीत पुढं सरकून बसली.

"बाई, एक इचारू का? मी बारा वर्साची आसल्यापास्नं मिसरी लावती. अठ्ठावीस वर्सं मेंढरांमागं चालले, तवा तोंडाला कायसुदीक झालं न्हाय. आन बसले, तशी चार वर्सांत ह्ये आलं. मंग ह्ये मिसरीनं झालं का बसण्यानं?"

डॉक्टरीणबाईनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"मावशी, हा प्रश्न मला परीक्षेतसुद्धा कुणी विचारला नव्हता. खरं सांगू? याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडंच नाही. हिंडत्याफिरत्या माणसांना काही जातींचे कॅन्सर कमी होतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. तोंडाच्या कॅन्सरबद्दल तसं सांगायला पुरावा फार थोडा आहे. चालत्या अंगात रक्त चांगलं खेळतं, बिघडलेल्या पेशींशी झगडायला अंगात बळ राहतं. तेव्हा फायदा होत असावा, असं वाटतं. पण वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. मिसरीचं मात्र सिद्ध झालेलं आहे. आणि पस्तीस वर्षांचं साचलेलं आज वर आलंय, हेही लक्षात घ्या."

मग तिनं उलटा प्रश्न केला. "मेंढरांमागं होतात तेव्हा दिवसातून किती वेळा लावायचात?"

"दोनदा. येकदा सकाळी उठल्यावं, येकदा सांजच्याला."

"आणि आता?"

भागूबाई बोटं मोजायला लागली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. सातव्या बोटावर ती थांबली आणि आठवंही दुमडलं.

"हाताला काम न्हाय ना, बाई. मंग बोट तोंडात जातंय."

"बघा, उत्तर तुम्हीच दिलंत," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बसण्यानं मिसरी वाढली. आता उलटं करून बघा. चाला. रोज सकाळी तासभर, आणि मिसरीची तलफ आली की त्या वेळीही. सहा आठवड्यांनी परत या."

एसटीत बसल्यावर भागूबाईनं कनवटीची डबी काढली आणि खिडकीतून लांब भिरकावली. योगिनीला वाटलं, झालं, सुटली मिसरी. पण एवढ्या सहज सुटणारी गोष्ट ती नव्हती.

पहिले चार दिवस भागूबाईचं डोकं ठणकत होतं. कोंबडीवर ओरडायची, म्हशीवर ओरडायची, सुनेनं चहा दिला तर तो गोड का म्हणून ओरडायची. आणि सगळ्यात मोठी अडचण सकाळची. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे गावातल्या यच्चयावत बायकांचं ठाम मत, आणि भागूबाईचंही. पाचव्या दिवशी ती उजाडता उजाडता उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि फाट्याच्या दिशेनं चालायला लागली. अर्ध्या वाटेवरूनच तिला घाईनं ओढ्याकडं वळावं लागलं. परत आली ती हसतच.

"योगे, मिसरीबिगर व्हतंय गं सगळं. पायानं बी व्हतंय!"

त्या दिवसापासून तिचं चालणं सुरू झालं. आणि गावाचं बोलणंही.

१९९३ साली खेड्यातली बाई रस्त्यानं चालायची ती कशासाठी तरी. डोक्यावर हंडा, नाही तर भाकरीची पाटी, नाही तर गवताचा भारा. हात हलवत, रिकाम्या डोक्यानं, कुठंच न जाणारी बाई कुणी पाहिली नव्हती.

"भागूबाई, कुठं निघालीस?" पहिल्याच वळणावर विचारणा व्हायची.

"कुठंच न्हाय."

"मंग?"

"मंग काय, म्हागारी येनार."

दुपारपर्यंत गावात पसरलं, की गेणूची बायको सुनेशी भांडून माहेरी निघाली होती आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. तिसऱ्या दिवशी तिला बाहेरचं काही लागलंय असं ठरलं. न्हाव्याच्या दुकानात लोकांनी गेणूला छेडलं. तो घरी आला तो फणफणतच.

"लोकं हसत्यात मला. गेणूची बायकू रिकामी फिरती म्हनं."

"अठ्ठावीस वर्सं फिरले तवा न्हाय कुणी हसलं."

"तवा मेंढरं व्हती फुडं!"

"मेंढरं इकली तुमी. आता पाय बी इकून टाकू का?"

गेणूनं नेहमीच्या सवयीनं खिशातून तंबाखूची चंची काढली, चुना मळला आणि बार भरला. भागूबाई त्याच्याकडं बघतच राहिली. मग गेणूच नरमाईनं म्हणाला, "आसं कर, येक पाटी तरी घे डुईवर. बघनाऱ्याला वाटंल, कामाला चाललीया."

म्हणून पंधरा दिवस भागूबाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन चालली. गावाची तोंडं बंद झाली. सोळाव्या दिवशी तिला वाटलं, हे आपण कुणासाठी करतोय? आणि तिनं पाटी कोंबड्यांवर पालथी घालायला सुनेला देऊन टाकली.

तलफ मात्र यायचीच. जेवणानंतर यायची, दुपारच्या झोपेनंतर यायची. आली की भागूबाई ताडकन उठायची आणि दारातून बाहेर पडायची. भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन लिंबापासून फाट्यापर्यंत जायची आणि परत यायची. तेवढ्यात तलफेचा जोर ओसरायचा. तो कुठं ओसरतो हेही तिला कळायला लागलं. सुरुवातीला फाट्यावर, मग मधल्या मोरीपाशी, मग शेवटच्या घरापाशीच.

एकदाच घसरली. भाचीच्या हळदीला सगळ्या बायका गोल करून मिसरी लावत बसल्या होत्या. कुणीतरी डबी पुढं केली आणि भागूबाईचं बोट आपसूक आत गेलं. बऱ्याच दिवसांनी लावल्यामुळं तिला गरगरलं, घाम फुटला. बायका हसल्या. तिलाही हसू आलं, पण त्या हसण्यात दम नव्हता. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट चालली. आणि सहा आठवड्यांनी दवाखान्यात गेली, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच तिनं डॉक्टरीणबाईला ते सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. तिनं दिवा लावला, पाहिलं, मोजपट्टी लावून पुन्हा पाहिलं. "निम्म्याहून कमी राहिलाय, मावशी."

"चालल्यानं?"

"मिसरी सोडल्यानं. आणि ती सोडता आली ती चालल्यामुळं."

दिवाळीच्या आधी उरलेला चट्टा डॉक्टरीणबाईनं कापून काढला. जखम भरून आली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला जायचं ठरलं. भागूबाई एकदाही चुकली नाही. पुढंपुढं तर एसटीची वाट बघणंही तिनं सोडलं. कन्हेरीहून दवाखाना म्हणजे सव्वा-दीड तासाची वाट, तेवढी ती सहज तुडवायची.

एव्हाना तिच्या मनात एक गणित पक्कं बसलं होतं. जी चालते तिला काही होत नाही, जी बसते तिला होतं. हे ती दिसेल त्या बाईला सांगायची. तिच्याबरोबर चार-पाच जणी चालायलाही लागल्या होत्या. त्या गणिताला तडा गेला तो १९९५ च्या हिवाळ्यात, लासुर्ण्यात.

योगिनीची आई छबूबाई लासुर्ण्याला राहायची. पन्नाशीची बाई, पण काम असं, की गड्यानं लाजावं. पहाटे धारा, मग उसाला पाणी, खुरपणी, पाचट गोळा करणं. दिवस मावळेपर्यंत तिचं बूड जमिनीला टेकायचं नाही. मिसरी तीही लावायची, आणि वर चिमूटभर गालात धरूनच रानात जायची. योगिनी माहेराहून आली ती घाबरून. "आयेला गालात जखम झालीया, आत्या. तीन महिनं झालं म्हनं. दाताचा कोपरा लागतूय म्हनती आन कुणाला बघू देत न्हाय."

भागूबाई दुसऱ्याच दिवशी इंदापूरची एसटी धरून लासुर्ण्याला उतरली. छबूबाई उसाच्या सरीत पाण्याची दारं धरत होती. बांधावर विहीण बघून ती चिखलाच्या पायांनीच वर आली.

"येवढ्या सकाळी? सगळं बरं हाय न्हवं?"

"तोंड उघडा, विहीनबाई."

"आवो, पानी तरी घ्या आधी."

"पानी मागनं. आधी तोंड."

छबूबाई बिथरली. "मला काय झालंय? तुमच्यावानी वट्ट्यावं बसून न्हाई ऱ्हायले मी. दिसभर राबती. तुमीच म्हनता ना, चालत्या बाईला काय व्हत न्हाय म्हनून?"

भागूबाईला ते वर्मी लागलं. तिचंच वाक्य समोर उभं होतं. पण ती हलली नाही. बांधावर उन्हाकडं तोंड करून तिनं छबूबाईला बसवलं आणि दोन बोटांनी गाल बाजूला केला. आत चट्टा नव्हताच. कडा उचललेली, मधे खोल गेलेली जखम होती, आणि बोट लावताच रक्त आलं. गळ्याखाली जबड्यापाशी एक टणक गाठही लागली.

"मोटार बंद करा," भागूबाई म्हणाली. "चला."

"आत्ता? दारं धरलीत की."

"दारं धरायला दुसरं कुणी बी यील. चला."

डॉक्टरीणबाईनं पाहिलं आणि त्याच दिवशी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. तुकडा तपासून आला. कॅन्सर होता. छबूबाईला बाहेरच्या बाकावर बसवून भागूबाई एकटीच डॉक्टरीणबाईकडं आत गेली.

"बाई, ती तर माझ्या दुप्पट राबती. तिला कसं झालं? आन मी सगळ्यास्नी सांगत सुटले, चाला म्हंजी काय व्हत न्हाय. माझ्या बोलन्यानं ती इसंबून ऱ्हायली."

"मावशी, तीन महिन्यांमागं तुम्ही काहीही बोलला असता तरी ती आली नसती. बायका येत नाहीत. दुखेपर्यंत येत नाहीत आणि हे आधी दुखत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण गणित तेवढं दुरुस्त करा. चालणं म्हणजे ताईत नव्हे. अंग कितीही राबलं, तरी गालात धरलेली तंबाखू आपलं काम करतेच. आधी तंबाखू सोडायची. मग चालायचं. आणि अधूनमधून आरशात तोंड बघायचं."

भागूबाईनं मान डोलावली. "मंग तसंच सांगते आता."

पुण्याला छबूबाईबरोबर तीच राहिली. योगिनीला लहान लेकरू होतं, आणि छबूबाईचा मालक हिंदुराव हॉस्पिटलच्या दारातच गर्भगळीत व्हायचा. गालाचा भाग, खालच्या दोन-तीन दाढा, हिरडीखालचं थोडं हाड आणि गळ्यातल्या गाठी काढल्या. मांडीची कातडी आत लावली. तिसऱ्या दिवशी सर्जन म्हणाला, "अंग काटक आहे बाईंचं. म्हणून एवढं सोसलं. आता उठवा त्यांना, चालवा."

तेवढं ऐकायचाच उशीर. भागूबाईनं एका हातात सलाइनची बाटली धरली, दुसऱ्या हातानं विहिणीचा दंड धरला आणि हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात तिला चालवायला सुरुवात केली. छबूबाईला बोलता येत नव्हतं, त्यामुळं वाद घालता येत नव्हता. पहिल्या दिवशी चार खाटांपर्यंत, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत, आठवड्यानं जिन्यापर्यंत.

त्यानंतर सहा आठवडे किरणांचे शेक दिले. शेकांनी छबूबाईचा जबडा आखडला. तोंडात एक बोटही जेमतेम जाईना. तेव्हा बारामतीच्या डॉक्टरीणबाईनं तिला वेगळाच व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि दर आठवड्याला जमेल तशी एक काडी वाढवायची. सुरुवातीला सहा काड्या गेल्या, आणि छबूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. योगिनी आईला कन्हेरीला घेऊन आली होती. सकाळी दोघी विहिणी लिंबाखाली समोरासमोर बसायच्या आणि भागूबाई काड्या मोजायची.

"आज सात जायाच पायजेत."

छबूबाई हातानं नाही म्हणायची.

"मेंढराला औषध पाजायला मी येकटी जबडा फाकवीत व्हते. तुमचं बी फाकवू का?"

छबूबाईला हसू यायचं, हसताना तोंड आपोआप थोडं जास्त उघडायचं, आणि तेवढ्यात सातवी काडी आत जायची. पावसाळ्यापर्यंत तेरा काड्या झाल्या. तेराव्या काडीनंतर छबूबाई तोंडातल्या तोंडात, पण स्पष्ट म्हणाली, "आता मला माझ्या घरी जाऊ द्या, विहीनबाई. लई छळलंत." आणि भागूबाईच्या गळ्यात पडून रडली.

लासुर्ण्याला गेल्यावर तिनं उसात उतरायचं कमी केलं, पण सकाळी रस्त्यानं चालायला लागली. तिथंही लोक हसले असतील. पण कापलेल्या गालाच्या बाईला विचारायचं धाडस फारसं कुणी केलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना तिनं गाल उघडून दाखवला. त्या वर्षी लासुर्ण्यातल्या सहा बायकांनी मिसरी सोडली, असं योगिनी सांगायची. सहाचा आकडा खरा असो नसो, दोघी-तिघी नक्की होत्या.

कन्हेरीत भागूबाईबरोबर चालणाऱ्या बायका वाढत गेल्या. फाट्यावर पोचल्या की तिथं पाच मिनिटं थांबायचं आणि एकमेकींची तोंडं बघायची, हा तिचा नियम होता. त्यातून १९९७ साली आणखी एकीचा चट्टा सापडला, तोही वेळेवर. डॉक्टरीणबाई आता तपासण्याच्या खुर्चीत बसलेल्या नव्या बाईला विचारायची, "कन्हेरीहून आलात का? भागूबाईंनी पाठवलं?"

राहता राहिला गेणू. त्याची तंबाखू काही सुटली नाही. गडीमाणसाला चालतं, असं तो म्हणायचा. छबूबाईचं ऑपरेशन झाल्यावर तो महिनाभर घाबरून राहिला, मग पुन्हा चंची खिशात आली. भागूबाईनं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. मग तिनं दुसरा रस्ता काढला. दर गुरुवारी, बारामतीच्या बाजाराला निघायच्या आधी, गेणूनं अंगणात उन्हाकडं तोंड करून बसायचं आणि जबडा उघडायचा. त्याशिवाय बाजाराची पिशवी मिळायची नाही. आणि तंबाखूची तलफ आली, तर आधी फाट्यापर्यंत चालून यायचं, मग खुशाल खायची.

१९९९ च्या एका गुरुवारी तो असाच बसला होता. भागूबाईनं एका हातानं त्याचा गाल ओढून धरला होता आणि डोळे बारीक करून आत बघत होती. रस्त्यानं जाणारा म्हस्कू, त्यांचा भाऊबंद, थांबून हसायला लागला.

"आ...?" गेणूनं उघड्या तोंडानंच विचारलं. म्हणजे, आहे का काही?

"जीभ वर करा."

त्यानं केली.

"काय न्हाय," ती गाल सोडत म्हणाली. "पर काल चार वेळा खाल्लीया, मी मोजलीया. आधी धा व्हायची. आता तीनवर आना."

गेणूनं तोंड पुसलं, पिशवी घेतली आणि म्हस्कूकडं बोट दाखवलं. "हसतंय बघ त्ये. त्येचं बी बघ की."

"व्हय की," भागूबाई म्हणाली. "म्हस्कूभावजी, या हितं. बसा उन्हाला."

म्हस्कूनं चपला हातात घेतल्या आणि पळ काढला. भागूबाईनं पदर खोचला आणि त्याच्यामागं निघाली. पळाली नाही, नुसती चालली. तिला माहीत होतं, तो ओढ्यापाशी दमणार.